चहाचं पाणी दोनदा

दिनूदादाबद्दल वाईट बोलायचं म्हणजे मीरा-भाईंदरमध्ये राहणं आपल्याच हाताने अवघड करून घ्यायचं. भाजीवाला कान टवकारतो, रिक्षावाला मागे वळून बघतो, आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी तर त्याचं नाव निघालं की असा छाती काढून उभा राहतो की जणू मानपत्र त्यालाच मिळतंय. तरी बोलते. मला त्या माणसाची किळस येते. राग येत होता तेव्हा बरं होतं, रागात माणूस चार भांडी आपटतो आणि मोकळा होतो. हे म्हणजे चहा पिऊन संपवावा आणि कपाच्या तळाशी माशी दिसावी तसं आहे. आता कोणी गोड बोललं की आधी कपात वाकून बघावंसं वाटतं.

नाव दिनेश घरत, इथल्याच मुर्धा गावचा. वडील मिठागरात होते. मिठागरं बंद पडली, तिथे आता क्रेन उभ्या असतात. त्यांच्या आळीतला कॉम्प्युटर शिकलेला हा पहिला, त्यामुळे लहानपणापासून कौतुकच कौतुक. रंग सावळा, हसू घसघशीत, हाताची बोटं कायम कशाने तरी बरबटलेली. भाईंदर पूर्वेला गोडदेवकडे जाताना स्टीलची भांडी घासून चकचकीत करणारा एक गाळा आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खालून दिवसभर घर्र घर्र आवाज आणि वर काळी भुकटी. त्या भुकटीवरही दिनूदादाच्या बोटांचे ठसे वेगळे ओळखू यायचे. तो तुमच्या डब्यातली भाजी न विचारता खायचा आणि त्याच बोटाने तुमच्या स्क्रीनवर ओळ दाखवायचा. पुसायला गेलं की म्हणायचा, “राहू दे गं, तेल चांगलं असतं, मशीन गंजत न्हाय.” सगळे हसायचे. मी ओला रुमाल ठेवायची.

आमची कंपनी डायलिसिस सेंटरसाठी प्रोग्राम बनवायची. हे जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ज्याची किडनी गेली त्याच्या अंगात प्यायलेलं पाणी साठत जातं. ते मशीनवर काढावं लागतं. किती काढायचं हे त्या दिवशी वजन ठरलेल्यापेक्षा किती वाढलं यावरून ठरतं, आणि ठरलेला आकडा आमचा प्रोग्राम सिस्टरला स्क्रीनवर दाखवतो. सिस्टर तो बघून मशीन लावते. पाणी कमी निघालं तर माणसाला दम लागतो, जास्त निघालं तर पायात गोळे येतात, बीपी कोसळतं, डोळे पांढरे होतात. म्हणजे आमचं काम एवढंच, की तो आकडा बरोबर दिसला पाहिजे.

हे माझ्यासाठी नुसतं कामही नव्हतं. आमच्या इमारतीत, मीरा रोडला, माझ्याखालच्या मजल्यावर सावंतकाका राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे, परळला होते, रिटायर झाल्यावर इकडे आले. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हा पहिल्या दिवशी ‘काही लागलं तर सांग’ म्हणणारे तेच. त्यांचं डायलिसिस भाईंदरच्या सेंटरला, आमच्याच प्रोग्रामवर. आणि त्याच सेंटरला, त्यांच्या शेजारच्याच खाटेवर, दिनूदादाची आई. म्हणजे चूक झाली तर ती कुठल्या पायांत गोळे आणणार हे मला नावानिशी ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं.

मी टेस्टर. आमची सात-आठ पोरं एकाच प्रोग्रामवर काम करायची, ज्याची त्याची प्रत वेगळी. मग सगळ्यांचं काम मुख्य प्रतीत मिसळायचं, त्याला मर्ज म्हणतात. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर मशीन भांडण दाखवतं आणि थांबतं. भांडण नसेल तर गुमान मिसळून देतं. पण मशीनला ओळी कळतात, अर्थ कळत नाही. म्हणून मिसळल्यावर तपासण्या चालवायच्या. एक वेगळं मशीन ठेवलं होतं, ते मुख्य प्रत ओढून घेऊन खोटे पेशंट, खोटी वजनं घालून आकडे बघायचं. आकडा चुकला की लाल, बरोबर आला की हिरवं. हे मशीन माझ्या ताब्यात आणि मर्जचं बटण दिनूदादाच्या ताब्यात, कारण तो सगळ्यांचा मुख्य.

त्याला लाल बघवायचं नाही. खरंच सांगते, लहान मुलाला रक्त दाखवल्यासारखं तोंड व्हायचं त्याचं. “मंजिरी, हे लाल काढ गं आधी, पोरांचं मन खट्टू होतं.” मी म्हणायची, “दादा, चूक काढायला सांग त्यांना, लाल आपोआप जाईल.” तो म्हणायचा, “होऊन जाईल.” आणि दुपारी बघावं तर चूक जागच्या जागी आणि तपासणीच गायब. विचारलं तर हसून, “ती जुनी झाली होती.” मर्ज करताना त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. “भांडण न्हाय ना? मग लावून टाक लग्न.” आमच्यातल्या नव्या पोरांना हे फार आवडायचं. मी एकदा म्हणाले, “भांडण नाही म्हणजे पत्रिका जुळली असं होत नाही.” त्यावर तो इतका मनापासून हसला आणि इतक्या जणांना ते वाक्य माझं म्हणून सांगत सुटला, की मुद्दा कुठे गेला तो गेलाच. हे त्याचं नेहमीचं. विरोध करायला जावं तर तो तुमचं कौतुक करून टाकायचा.

आणि माणूस कामाला यायचा, हेच तर दुखणं आहे. माझ्या सासूबाईंना दम्याचा झटका आला तेव्हा कुठे खाट मिळेना. दिनूदादाने एक फोन लावला आणि खाट मिळाली. तो स्वतः धावत आला, सासूबाईंना “माझी आयच हाय” म्हणाला, स्ट्रेचर ढकललं. सासूबाई अजून त्याच्या नावाने देवापुढे साखर ठेवतात. त्या साखरेकडे बघितलं की माझ्या तोंडाला कडवटपणा येतो. उपकार झाले हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण उपकार केला म्हणून माणसाला तपासायचं नाही, हा कुठला कायदा?

त्याचा कायदा मात्र हाच होता. ओळख असली की पुरे. आमच्या सोसायटीच्या गेटवर नवा वॉचमन आला होता, बिहारचा, शिस्तीचा. दिनूदादा सासूबाईंना बघायला आला तेव्हा त्याने अडवलं. “साहब, नाम लिख दीजिए, मैं ऊपर फोन करता हूँ.” दिनूदादा रागावला नाही, तो रागावतच नाही. त्याने वॉचमनच्या खांद्यावर हात टाकला, समोर चहा पाजला, त्याच्या गावाची चौकशी केली, आणि म्हणाला, “अरे भाई, अपने आदमी को कोई पहचान पूछता है क्या?” वॉचमन विरघळला. पुढे त्याने दिनूदादाला कधीच अडवलं नाही, आणि दिनूदादाचं नाव सांगणाऱ्यालाही नाही. व्हायचं तेच झालं. कोणीतरी येऊन ‘दिनूदादाने भेजा है’ म्हणाला, सरळ आत गेला आणि पाण्याच्या पंपाची मोटर घेऊन बाहेर पडला. वॉचमनची नोकरी गेली. सेक्रेटरीने त्याला शिव्या घातल्या, आणि नवी मोटर लवकर मिळवून दिली म्हणून त्याच मीटिंगमध्ये दिनूदादाचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. मी तिथे बसले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी हात मांडीखाली दाबून ठेवले.

ऑफिसातही तेच गेट आणि तोच वॉचमन, फक्त मशीनच्या रूपात. आमचं काम ज्या सर्व्हरवर ठेवलेलं असायचं त्याला ओळखपत्र असतं, त्याला सर्टिफिकेट म्हणतात. आपलं मशीन सर्व्हरला जोडून घेण्याआधी ते बघतं. समोरचा खरंच आपलाच सर्व्हर आहे, की मधे कोणी तोतया बसलाय, हे त्यावरून कळतं. त्या सर्टिफिकेटची मुदत संपली. सगळ्यांच्या स्क्रीनवर इशारा आला, की समोरच्याची ओळख पटत नाही, जोडत नाही. नवं सर्टिफिकेट करायला एक दुपार लागली असती. दिनूदादा प्रत्येकाच्या खुर्चीमागे जाऊन, प्रत्येकाच्या खांद्यावरून वाकून, ओळख तपासूच नको अशी आज्ञा मशीनला देऊन आला. वर पोरांना सांगितलं, “आपलाच सर्व्हर हाय, आपल्याच कपाटात हाय. घरच्या माणसाकडे कोण आयकार्ड मागतं?”

मी माझ्या तपासणीच्या मशीनला हात लावू दिला नाही. म्हणाले, “दादा, हे असंच राहील. आधी सर्टिफिकेट नवं कर.”

“करतोय गं. होऊन जाईल.”

“आज कर.”

“तू फार संशयी आहेस, मंजिरी. संशयाने रक्त आटतं.”

दुसऱ्या दिवशी माझं मशीन हिरवं दाखवत होतं. मी विचारलं, झालं का नवं सर्टिफिकेट? त्याने मान डोलावली, सुकटीची चटणी पोळीला लावून माझ्यापुढे धरली. मी खाल्ली नाही, पण हिरवं होतं म्हणून कामाला लागले.

मग दसरा आला. सेंटरच्या डॉक्टरांची एक मागणी होती. डायलिसिस चालू असताना पेशंटला चहा-नाश्ता देतात, त्यातलं पाणीही शरीरात जातं, तर तेवढं पाणी काढायच्या आकड्यात धरा. बरोबर मागणी. डॉक्टरांनी दिनूदादाला फोन केला, त्याने नेहमीसारखं “होऊन जाईल” म्हटलं आणि आमच्या पोरांतल्या फरहानला काम सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा आठवण केली तेव्हा आपण कोणाला सांगितलंय हे विसरून त्याने तेच स्नेहललाही सांगितलं. फरहानने हिशोबाच्या भागात चहाचं पाणी मिळवलं. स्नेहलने सिस्टरच्या स्क्रीनच्या भागात मिळवलं. दोघांनी आपापल्या जागी काम चोख केलं होतं. जागा वेगळ्या, ओळी वेगळ्या, म्हणजे मशीनच्या लेखी भांडण नाही.

आमचे मालक जिग्नेशभाई मुहूर्ताचे पक्के. नवी आवृत्ती दसऱ्याला, विजय मुहूर्तावरच बाहेर पडली पाहिजे. कीबोर्डना झेंडूच्या माळा, सर्व्हरला हळदकुंकू, वर आपट्याची पानं. सर्व्हरच्या हवेच्या जाळीत तांदूळ अडकले होते, ते मी हेअरपिनने काढत होते. मी म्हणाले, मिसळल्यावर माझी हाताने एक फेरी होऊ दे, उद्या पाठवू. जिग्नेशभाई म्हणाले, “मैडम, मुहूर्त एक बार गया तो गया.” दिनूदादाने माझ्या मशीनकडे बोट दाखवलं. “हिरवं हाय ना? मग?” आणि कुंकवाच्या बोटाने त्याने बटण दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माऊसवर तो लाल डाग कितीतरी दिवस होता, कोणी पुसला नाही, शुभ म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावंतकाकांची सून वर आली. म्हणाली, “ताई, आज बाबांना सेंटरवरून अक्षरशः उचलून आणलं. पायात असे गोळे आले की ओरडत होते. आणि शेजारच्या आजींचं तर बीपीच सापडेना, सलाइन लावून पाय वर करून ठेवलं होतं.” शेजारच्या आजी म्हणजे दिनूदादाची आई. मी खाली जाऊन काकांना बघितलं. पोटरीला हात लावला तर वरवंटा. ते मलाच म्हणाले, “अगं, वय झालं, व्हायचंच.”

मी तशीच ऑफिसला गेले आणि काकांचे आणि आजींचे आकडे हाताने काढले. चहाचं पाणी दोनदा धरलं होतं. मग प्रश्न आला, की माझं मशीन हिरवं कसं? ते उघडून बघितलं. सर्टिफिकेट जुनंच होतं, मेलेलं. माझं मशीन बिचारं रोज सर्व्हरच्या दारात जाऊन ‘ओळख पटत नाही’ म्हणून परत येत होतं, मुख्य प्रत त्याने कित्येक दिवसांत बघितलीच नव्हती. आणि तपासणीच्या प्रोग्रामच्या तळाशी दिनूदादाने एक ओळ घातली होती. जोडणी झाली नाही तर पास धर. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. शिसारी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ज्या मशीनने इमानदारीने ‘मला माहीत नाही’ म्हटलं, त्याच्या तोंडी याने ‘सगळं ठीक’ घातलं होतं.

दिनूदादा सेंटरवरून आला तो रडून लाल झालेले डोळे घेऊन. मी त्याला दोन्ही गोष्टी दाखवल्या. त्याने लगेच खाली बसून चहाचं पाणी एकदाच धरलं जाईल असं केलं. मला वाटलं, चला, आता तरी. मी म्हणाले, “ती पास धरायची ओळ काढ. सर्टिफिकेट कर. आणि सगळ्या सेंटरना फोन करून सांग की कालचे-आजचे आकडे चुकले, पेशंटना बघा.”

त्याने डोळे पुसले. “फोन कशाला? आकडा तर नीट झाला. लोकांचा भरवसा जाईल.”

“आणि ती ओळ?”

“करतोय गं. आता आयचं बघू दे मला.”

मी जिग्नेशभाईंकडे गेले. ते म्हणाले, “उसकी माँ बिस्तर पे है और आप को सर्टिफिकेट की पड़ी है? थोड़ी तो माणुसकी रखो.” मराठी शब्द नेमका तेवढा एकच वापरला. मग मी स्वतः भाईंदरच्या सेंटरला जाऊन सिस्टरला सांगितलं. ती गोंधळली. “पण दिनेशदादा म्हणाले व्होल्टेजमुळे झालं. त्यांची स्वतःची आई होती मॅडम, ते खोटं सांगतील का?” बाकीच्या सेंटरना मी घरून फोन लावले. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी दिनेशदादांना विचारून सांगतो म्हणून ठेवून दिला. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. निरोपाला दिनूदादाने केक आणला. केकचा पहिला तुकडा मला भरवायला आला तेव्हा मी तोंड फिरवलं, आणि सगळे माझ्याकडेच बघायला लागले, की काय ही बाई.

आता शेवटचं. दिवाळी होऊन गेल्यावर सावंतकाकांच्या सुनेला सुट्टी मिळेना, म्हणून मी त्यांना घेऊन सेंटरला गेले. काकांचं वजन केलं, त्यांना खाटेवर निजवलं. शेजारच्या खाटेवर घरतआजी, वाळून अर्ध्या झालेल्या, पण जीभ तशीच. सुई घेऊन आलेल्या नव्या पोरीला त्या विचारत होत्या, “तू कोन गं बाय? तुला येतंय ना? न्हाय तर दुसरीला बोलव.” त्यांच्या पायाशी दिनूदादा सफरचंद सोलत बसला होता. मला बघून तेच घसघशीत हसू. “मंजिरी, विसरलीस आम्हाला.” काकांची चादर त्यानेच पायावर नीट ओढली.

सिस्टर आली, आजींच्या मशीनपुढे उभी राहून स्क्रीनकडे वळली. दिनूदादा झटकन उठला. “सिस्टर, आयचं स्क्रीनवरून न्हाय. हाताने करा.” सिस्टरला सवय असावी. तिने आजींचं वजन विचारलं, चहा-नाश्ता विचारला, कागदाच्या कपट्यावर मांडलं. त्याने तिला ते पुन्हा करायला लावलं, स्वतः बोट ठेवून तपासलं, मग मशीन लावू दिलं. मग सिस्टर काकांकडे आली, स्क्रीनवरचा आकडा बघितला आणि मशीनकडे हात नेला.

मी म्हणाले, “सिस्टर, काकांचाही हाताने काढा ना.”

सिस्टरने दिनूदादाकडे बघितलं. त्याने सफरचंदाकडे बघितलं. म्हणाला, “काकांचं बरोबर हाय.”

काका माझ्यावरच वैतागले. “मंजिरी, उगाच त्या मुलीला का राबवतेस? दिनू म्हणतोय ना बरोबर आहे? त्याला नाही कळणार तर कोणाला कळणार?” आणि त्यांनी हात सिस्टरपुढे केला.

मी मोबाईल काढला आणि तिथेच उभ्या उभ्या वजाबाकी केली, चहाचं पाणी मिळवलं, स्क्रीनशी ताडून बघितलं. दिनूदादाची सुरी थांबली होती. मी मोबाईल पर्समध्ये टाकला तसा तो उठून माझ्याजवळ आला, काकांकडे पाठ केली, आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, “बरोबर आला ना गं?”